कनानाचा शाप आणि घाटमाथ्यावरील सिद्दी

गुंजी येथे भरलेल्या कॅटेकिस्टांच्या एका वर्गात उत्पत्तीच्या पुस्तकाचा नववा अध्याय वाचला जात होता. नोहाचा द्राक्षमळा, त्याचे मद्यपान, हामाचे वर्तन व त्यापुढील शाप एवढा भाग संपल्यावर एका वयोवृद्ध बंधूंनी विचारले, "म्हणजे आपल्या रानातले सिद्दी हामाच्याच वंशातले ना, पाळकसाहेब? म्हणूनच त्यांच्या वाट्याला हे हाल आले असतील." प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. हे बंधू वर्षानुवर्षे सिद्दी वस्त्यांतून पायी हिंडलेले, त्यांच्या दुखण्याखुपण्यात बसलेले. आम्ही एवढेच म्हटले की शाप हामाला दिलेला नाही, कनानाला दिलेला आहे. आणि वेळ थोडा असल्याने पुढे गेलो.

उत्तर बरोबर होते, परंतु पुरेसे नव्हते. घरी परतल्यावर आमच्या विद्यार्थिदशेतील एक टिपणवही हाती लागली. तीत "हाम : आफ्रिकेतील काळे लोक" अशी ओळ आमच्याच हस्ताक्षरात होती. ती आम्ही कोठून घेतली, आणि घेताना काहीच का विचारले नाही, याचा विचार करता जो इतिहास समोर आला तो आमच्या पाळक व कॅटेकिस्ट बंधुभगिनींसमोर ठेवीत आहोत.

प्रथम सिद्दी येथे आले कसे, ते पाहू. गुंजी हे खानापूर आणि लोंढा यांच्यामधले स्थानक. लोंढ्याहून पश्चिमेस वळले की घाट उतरून गोवा. दक्षिणेस व आग्नेयेस गेले की हल्याळ, जोयडा, यल्लापूर यांची अरण्ये. खानापूर तालुक्याच्या रानापासून उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत सिद्दींच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोकणी, कानडी, मराठी या त्यांच्या घरच्या व बाजारच्या भाषा. मराठी वाचकाला 'सिद्दी' म्हटले की जंजिरा आठवतो, किंवा फार तर हबशी गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर (मृत्यू १६२६). दरबारात व आरमारात चढलेल्या थोड्यांची नावे इतिहासाने ठेवली. रानात शिरलेल्या अनेकांची ठेवली नाहीत. या घाटमाथ्यावरील सिद्दींचे पूर्वज बव्हंशी गोव्यातून सुटलेले, पळालेले वा सोडले गेलेले गुलाम होते, असे अभ्यासक मानतात. हैदराबाद येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक अभ्यासातही आफ्रिकेतील बांटुभाषी लोक, भारतीय व पोर्तुगीज असे तिन्ही अंश सिद्दींत आढळले.

गोव्याचा बाजार कसा होता, हे ज्याने लिहून ठेवले तो चर्चच्याच नोकरीत होता. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ साली छापला गेला. शहरातील मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. तेथे घोडे, कापड, जिन्नस आणि माणसे विकली जात. मोझांबिककडील हबशी त्यांत असत, तसेच याच देशातील स्त्रीपुरुषही असत. रविवारी व सणाच्या दिवशी मात्र लिलाव बंद असे. ही शेवटची बाब आम्हांला सर्वांत अधिक बोचते. शब्बाथ पाळला जात होता. विकणारा व विकत घेणारा दोघेही त्या दिवशी मिस्साला जात असणार, आणि विकला जाणारा बाप्तिस्मा झालेला असेल तर तोही.

गोव्याच्या १५६७ सालच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने गुलामगिरीचा विचार केला होता. कोणत्या रीतीने धरलेला गुलाम न्याय्य व कोणत्या रीतीने अन्याय्य, याची चिकित्सा झाली. अन्याय्य रीतीचा निषेधही झाला. पण प्रश्न 'माणूस विकावा काय' असा नसून 'कोणता माणूस विकावा' असा राहिला. मठांतून व धर्मसंघांच्या घरांतून गुलाम राबत होते. येथे प्रॉटेस्टंट वाचकाने घाईने समाधान मानू नये. त्यांची पाळी पुढे यावयाची आहे. आणि मराठी वाचकानेही मानू नये. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री आहे, आणि ती करणारे पोर्तुगीज नव्हते.

कायद्याने ही रीत मोडली तीही वेगवेगळ्या वेळी. इंग्रजांच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने कोणत्याही न्यायालयाने गुलामावरील मालकीहक्क मानू नये असे ठरले. पोर्तुगीज राज्यात गुलामाचा दर्जा संपविणारा हुकूम १८६९ साली निघाला. मधल्या सव्वीस वर्षांत, कायद्याच्या कागदावर तरी, घाटाची धार हीच दास्य व मुक्तता यांची सीमा होती. आज लोंढ्याहून गोव्याला जाणारा प्रवासी ती दोन-तीन तासांत ओलांडतो.

आता शापाकडे येऊ. उत्पत्ती ९ मध्ये हामाचे नाव अपराधात येते, परंतु शापवचन उच्चारले जाते ते कनानाविषयी. दहाव्या अध्यायात हामाचे चार पुत्र दिले आहेत : कूश, मिसराईम, पूट व कनान. आफ्रिकेशी ज्यांचा संबंध जोडता येईल ते पहिले तिघे. ज्याला शाप दिला तो चौथा, आणि त्याच्या वंशजांची सीमा सीदोनापासून गज्जापर्यंत, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याची, तेथेच स्पष्ट सांगितली आहे. उलट कूशाच्या वंशात निम्रोद येतो. तो दास नव्हे, राजा आहे. रंगाचा तर उताऱ्यात उल्लेखच नाही. शास्त्रात एका ठिकाणी कूशी रंगरूपाच्या स्त्रीवरून घरात कुरबुर झाल्याचे आढळते : गणना १२ मध्ये मोशेच्या कूशी पत्नीवरून मिर्याम बोलते, आणि शिक्षा म्हणून ती बर्फासारखी पांढरी होते. या अध्यायावर प्रवचन झाल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

मग हामाचा शाप आफ्रिकेवर कोणी नेला? ही खटपट जुनी आहे व एका धर्मापुरती नाही. पण युरोपीय व्यापाराच्या संदर्भात एक प्रसंग फार बोलका आहे. १४४४ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधील लागुश बंदरात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली २३५ माणसे उतरविण्यात आली व तेथेच वाटण्यात आली. राजाश्रित बखरकार गोमिश यानिश द झुरारा याने त्या वाटणीचे वर्णन केले आहे. आईपासून मूल, भावापासून भाऊ तोडला जात असताना त्या लोकांचा आक्रोश ऐकून आपल्याला रडू आले, असे तो सांगतो. आणि त्याच ग्रंथात नोहाच्या शापाचा आधार देऊन या लोकांचे दास्य योग्य ठरवितो. माणसाचे डोळे ओले झाले म्हणून त्याचे अर्थविवरण सुधारतेच असे नाही. तारखांचा क्रम पाहिला तर जहाजे आधी निघाली आणि वचन मागाहून शोधले गेले. पोप पाचवा निकोलस याच्या १४५२ व १४५५ च्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला गैरख्रिस्ती लोकांना दास करण्याची मोकळीक दिली, तीही या प्रसंगानंतर.

तीन-चारशे वर्षांनी काळ बदलला. सुशिक्षित माणसाला शास्त्रवचनापेक्षा विज्ञानाचा आधार अधिक भारदस्त वाटू लागला, तेव्हा तोही पुरविण्यात आला. लिनियस याने १७५८ च्या आवृत्तीत मानवजातीचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटविला. आफ्रिकन मनुष्य लहरीने चालतो, युरोपीय नियमाने, अशी ती विभागणी. ब्लुमेनबाख याने १७९५ साली 'कॉकेशियन' हे नाव रूढ केले, तेही जॉर्जियातील एका कवटीच्या सौंदर्यावर मोहित होऊन. तथापि याच गृहस्थाने आफ्रिकन लेखकांचे ग्रंथ जमवून त्यांची बुद्धी कमी नाही असे प्रतिपादन केले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन यांनी कवट्या गोळा केल्या, त्यांत आधी बी व पुढे शिशाचे छर्रे भरून पोकळी मोजली, आणि वंशांची उतरंड लावली. त्यांची मापे बरोबर होती की नव्हती, यावर विद्वानांत अजून वाद चालतो. आमच्या मते तो वाद दुय्यम आहे. कवटीचा आकार देहाच्या मापाशी व हवामानाशी निगडित असतो. त्यावरून बुद्धी आणि बुद्धीवरून मालकीहक्क काढणे, ही उडी मापात नव्हतीच.

आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग यापुढे आहे. मॉर्टन यांच्या पंथाचे नॉट व ग्लिडन यांनी १८५४ साली 'मानवाचे प्रकार' या अर्थाच्या नावाचा जाडजूड ग्रंथ काढला. वंश मुळातच निरनिराळे निर्माण झाले, सर्वांचा एक आदाम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे उत्पत्तीचा वृत्तान्त त्यांनी मोडीत काढला. हामाच्या शापावर विसंबणारा मात्र उत्पत्तीचा वृत्तान्त धरून होता. नोहाच्या तंबूत सर्व वंश एकाच बापाचे आहेत. ही दोन मते परस्परांना छेद देणारी आहेत. एक खरे तर दुसरे खोटे. तरी दोन्ही एकाच मळ्याच्या मालकाच्या घरी सुखाने नांदली. दोहोंपैकी एकही मत कोलमडले असते तरी तो गुलाम सोडणार नव्हता.

आणि याच्या उलट बाजूचे उदाहरण आम्हां पाळकांना अधिक खजील करणारे आहे. चार्ल्सटनचे लूथरन पाळक जॉन बाकमन हे चांगले निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८५० साली सर्व मानवजात एकच आहे असे सिद्ध करणारा ग्रंथ लिहून मॉर्टन व नॉट यांना उत्तर दिले. ते उत्तर शास्त्रीय दृष्ट्या योग्य होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७ मधील पौलाच्या भाषणाशी जुळणारे होते. परंतु बाकमन गुलामगिरीचे समर्थक राहिले. १८६० साली साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले, त्या सभेच्या आरंभी प्रार्थना त्यांनीच केली. एक रक्त, एक आदाम हे सर्व मान्य करूनही माणसाला बांधून ठेवता येते. गुंजीला आम्ही दिलेले एका वाक्याचे उत्तर अपुरे का होते, हे आम्हांला बाकमन यांच्यामुळे कळले.

लुइझियानाचे डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी तर वैद्यक व बायबल दोन्ही एकत्र कालविले. गुलाम मालकाला सोडून पळतात, हा एक मनोविकार आहे, असे त्यांनी १८५१ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले व त्या विकाराला ग्रीक भाषेतून नाव दिले. आफ्रिकन हा गुडघे टेकणारा निर्माण झाला आहे, हे मोशेच्या पुस्तकांवरून दिसते, असा त्यांचा दावा. मालकाने त्याला त्या स्थितीत ठेवले की रोग होत नाही. लक्षणे दिसू लागली तर फटके, हा उपचार. या निदानाने पाहिले तर गोव्याच्या घरांतून रात्री निघून, घाट चढून, अंगावरच्या वस्त्रानिशी या रानात शिरलेला प्रत्येक सिद्दी पूर्वज रोगी ठरतो. इस्राएलही ठरतो.

हे सारे परदेशी, असे वाटत असेल तर हिंदुस्थानातील कवटीमाप व नाकमाप आठवावे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता दिसते, असा सिद्धान्त मांडला, गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली रिस्लींचीच मापे तपासून तो बहुतेक प्रांतांत लागू पडत नाही असे दाखविले. मराठी वाचकांच्या परिचयाच्या इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्र वंशाच्या लोकांवर त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक व वंश यांचा संबंध आहे, असा त्यांचा तर्क. इरावतीबाईंनी शंभरावर कवट्या मोजल्या, त्यांत आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. आणि असा काही संबंध आढळत नाही, हा निष्कर्ष त्यांनी गुरूंच्या पुढ्यात ठेवला. पुढे मायदेशी त्यांनी स्वतःही माणसांची मापे पुष्कळ घेतली. परंतु त्या वेळी, त्या ठिकाणी, परक्या देशातील एका विद्यार्थिनीने तेवढे लिहिणे सोपे नव्हते.

आपल्या सिद्दींनाही या विचाराचा स्पर्श झाला आहे, आणि तो दुष्ट हेतूने नव्हे. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र योजनेखाली गुजरात व कर्नाटकातील सिद्दी मुलेमुली निवडून त्यांना धावण्या-उडण्याचे शिक्षण दिले. आफ्रिकन रक्तात वेग असतो, ते पदके आणील, अशी कल्पना. काही मुलांनी उत्तम यश मिळविले, ते त्यांच्या कष्टाचे. १९९३ साली योजना बंद पडली आणि मुले परतली, बहुतेक पुन्हा मजुरीला. स्तुती असो वा निंदा, मोजपट्टी एकच होती. वास्तविक १९७२ सालीच रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखविले होते की मानवातील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. समूहासमूहांतील फरकाच्या वाट्याला उरते ते थोडे.

प्रॉटेस्टंट मिशनांची पाळी आता घेऊ. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली जोसेफ टेलर यांना बेळगावात आणून येथील काम सुरू केले. त्याच संस्थेचे जॉन स्मिथ हे १८१७ साली दक्षिण अमेरिकेतील डेमेरारा येथे गेले होते. गुलामांमध्ये असंतोष उत्पन्न होईल असा शब्द तोंडून काढू नये, अशी ताकीद संस्थेने त्यांना देऊन पाठविले होते. १८२३ साली तेथील गुलामांनी उठाव केला. स्मिथ यांच्यावर चिथावणीचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला, आणि क्षमापत्र पोहोचण्यापूर्वी फेब्रुवारी १८२४ मध्ये ते तुरुंगातच वारले. त्यांच्या मृत्यूने इंग्लंडात खळबळ उडाली व मुक्तीच्या चळवळीला बळ आले. म्हणजे आमचे बेळगाव मिशन ज्या कचेरीतून निघाले, तिच्याच कागदांत ती ताकीदही आहे आणि तो हुतात्माही.

महाराष्ट्रातील प्रकरण याहून जवळचे आहे. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची जहाजे पकडली की सुटलेली मुले मुंबईस आणीत. त्यांतील पुष्कळ मुले नाशिकजवळ शरणपूर येथे, चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेल्या ख्रिस्ती गावात वाढली, तेथे अक्षरे व हस्तोद्योग शिकली. लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ साली तेथून नऊ तरुण आपल्या शेवटच्या प्रवासासाठी निवडले. १८७२ साली आणखी काही गेले. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीचा पाठ वाचला तो जेकबने, झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. सुसी, चुमा व त्यांच्या सोबत्यांनी देह किनाऱ्यापर्यंत हजारावर मैल वाहून नेला. हा चुमा १८६५ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतलेला. आणि त्याच १८७३ साली पुण्यास जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ती अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अर्पणपत्रिका लिहिताना जोतीरावांची नजर अमेरिकेकडे होती. नाशिकला मुक्त गुलामांचे गाव वसलेले होते, हे आजच्या वाचकाला चटकन आठवत नाही.

शरणपूरचाच विल्यम जोन्स. लहानपणी विकला गेलेला, सुटलेला, शिकलेला. १८६४ साली तो पूर्व आफ्रिकेतील रबाई येथे मिशनच्या कामासाठी गेला. १८८५ साली शरणपूरच्याच इश्माएल सेमलर याच्याबरोबर बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला डीकन म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात युगांडाच्या वाटेवर बिशप मारले गेले. मागे राहिलेला तांडा घेऊन जोन्स परतला तो 'ईखाबोद' हा शब्द लिहिलेले निशाण पुढे धरून. रबाईला तो व त्याचे सहकारी पळून आलेल्या गुलामांना आसरा देत. कार्टराइट यांनी ज्यांना रोगी म्हटले असते, ते हे लोक. त्यांच्यापैकी सुमारे १४०० जणांना १८८९ च्या आरंभी भरपाई देऊन मुक्तिपत्रे मिळाली.

तरीही या भाषाकुशल, अनुभवी, दीक्षित माणसांना त्यांच्याच मिशनमध्ये वेतन, मान व अधिकार या तिन्ही बाबतींत कनिष्ठ लेखले गेले. शतकाच्या अखेरीस आलेले नवे गोरे मिशनरी बायबलाबरोबर त्या काळची वंशकल्पनाही घेऊन आले होते. पश्चिम आफ्रिकेत बिशप सॅम्युएल क्राउदर, जे स्वतः एके काळी गुलाम होते, त्यांच्या नायजर मिशनमधील आफ्रिकन सेवकांना १८९० साली दूर सारण्यात आले आणि १८९१ साली ते वारल्यावर त्यांच्या जागी युरोपीय बिशप आला. हामाच्या शापाचे नाव तेव्हा कोणी काढले नव्हते. काढण्याची गरज उरली नव्हती.

आम्हां मराठी उपदेशकांपुढे आणखी एक भाषिक अडचण आहे. नव्या करारातील बांधलेल्या, विकत घेतलेल्या माणसाला आपण 'दास' म्हणतो. संतांच्या भाषेने या शब्दाला इतके मार्दव दिले आहे की फिलेमोनाला लिहिलेले पत्र ऐकताना श्रोत्याला अनेसिम हा एक आज्ञाधारक भक्त वाटतो; तो पळालेला गुलाम वाटत नाही, आणि पौल त्याला भाऊ म्हणून घरात घेण्यास सांगतो त्यातील धक्का कोणालाच बसत नाही. सिद्दी वस्तीत हे पत्र वाचताना 'गुलाम' हा शब्द निदान एकदा तरी उच्चारावा, असे आम्हांला वाटते.

सरकारदरबारी सिद्दींची मोजणीही सीमांनी अडली. उत्तर कन्नडातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. खानापूर तालुक्यातील त्यांचे सोयरे बेळगाव जिल्ह्यात पडत असल्याने मागे राहिले. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश २०२० च्या दुरुस्ती कायद्याने झाला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांची कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली. सतरा वर्षांत एका पिढीचे शालेय शिक्षण होऊन जाते.

गुंजीच्या पुढील वर्गात उत्पत्तीचा दहावा अध्याय घेण्याचे ठरले आहे. नावांची यादी म्हणून तो आपण बहुधा सोडून देतो. या खेपेस तो पूर्ण वाचला जाईल, आणि वाचन त्याच वृद्ध बंधूंनी करावे अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे. हल्याळकडील दोन सिद्दी भगिनी त्या दिवशी येणार आहेत. बंधूंनी आमच्याकडून कूश, मिसराईम व पूट या नावांचे उच्चार पुन्हा विचारून घेतले.